सलामीनंतर

आमच्या वाड्यातली हंडी दोन थरांची होती. डोंबिवली पूर्वेला, समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांच्या कठड्यांवरून दोर ताणलेला, मधोमध मडकं, मडक्यात दही-पोहे-काकडी आणि कुणाच्या तरी आजीने टाकलेला सव्वा रुपया. दोराचं एक टोक मोकळं असायचं. ते हातात धरून एक काका गॅलरीत बसत आणि गोविंदाचा हात मडक्याला लागणार इतक्यात दोर खेचून हंडी हातभर वर नेत. खाली चार दणकट बापये, त्यांच्या खांद्यावर एक कॉलेजातला पोरगा, आणि काका फारच छळायला लागले तर त्याच्याही खांद्यावर मी, कारण वाड्यात सगळ्यांत हलका मीच. हंडी फुटली की सगळे एकदम खाली. कोसळायचंच असायचं. ढिगाऱ्यात लोळायचं, वरून बादल्यांनी पाणी, तोंडात दही आणि चिखल. सातवीत असताना त्या ढिगाऱ्याखाली माझं मनगट मोडलं. प्लास्टरवर सगळ्या वाड्याने सह्या केल्या आणि गणपती येईपर्यंत मला कुणी काम सांगितलं नाही.

आता ठाण्यात नऊ थर लागतात. २०२५ साली दहा लागले. मधल्या काळात हंडीचं सगळंच बदललं. दोर गेला, क्रेन आली. सव्वा रुपयाचे लाख झाले. ढोलकीच्या जागी छातीत दणके देणारे स्पीकर आले. वाड्यातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी मोठ्या चौकात आली, ती म्हणजे हंडीनंतरचं ते कोसळणं. दरवर्षी मुंबई-ठाण्यात शंभरावर गोविंदा रुग्णालयात जातात, आणि इतकी हाडं का मोडतात हे शोधायला निघालं की सगळ्यांची मान वर होते. किती थर, किती फूट, किती वयाचा पोरगा. मला थरांचा माग काढताना वाटत गेलं की चढण्याचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे आणि उतरण्याचा जवळपास नाहीच.

मुळात काल्याला थर नव्हते. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, तिथे हंडी मंडपात टांगलेली असते आणि कीर्तनकार बुवा ती काठीने फोडतात. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आषाढी पौर्णिमेला काला होतो, तोही जमिनीवर उभं राहून. कृष्णाने सवंगड्यांच्या पाठीवर चढून शिंक्यावरचं लोणी काढलं ही कथा जुनी, पण शिंकं असतं घरातलं. त्याला उंची ती किती? आढ्याला हात लागेल एवढी.

उंची दिली ती चाळीने. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली, मग गिरणगाव उभं राहिलं आणि कोकणातून, घाटावरून आलेली माणसं तीन-चार मजली चाळींत दाटीवाटीने राहू लागली. दोन चाळींमधल्या गल्लीत हंडी बांधायची तर दोर गॅलरीलाच बांधणार. पहिल्या मजल्यावरून बांधला तर दोन-तीन थर पुरे, दुसऱ्यावरून बांधला तर चार. म्हणजे थरांचा पहिला हिशेब गवंड्याने केला असं म्हणायला हरकत नाही. इमारत जेवढी, हंडी तेवढी. आणि खेळणारे कोण? दिवसभर साच्यावर उभं राहणारे, संध्याकाळी तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानात जाणारे. एकमेकांना रोज भेटणारी, एकाच नळावर पाणी भरणारी माणसं. कुणाचा गुडघा दुखतो आणि कोण दोन घोट मारून आलाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं त्यात होती. पुढे गिरणगाव कसं रिकामं होत गेलं ते सर्वांना माहीत आहे. परळ-लालबागची खोली विकून लोक ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याणला आले. येताना भजनी मंडळं आणली, नमन-खेळे आणले, गोविंदा पथकंही आणली. आजही दहीहंडीच्या सकाळी डोंबिवली स्टेशनात उभं राहावं: एका रंगाच्या टीशर्टातली पन्नास-साठ पोरं, पाठीवर पथकाचं नाव आणि त्याखाली प्रायोजकाचं, कपाळाला पट्टी, आणि मोटरमनला 'गोविंदा आला रे'चा सलाम.

ठाण्यात हंडी मोठी झाली ती टेंभीनाक्यावर. आनंद दिघ्यांनी सुरू केलेली ही हंडी ठाण्याची मानाची समजली जाते, आणि इथून थरांच्या वंशावळीला वेगळी फांदी फुटते. गल्लीची हंडी गल्लीची असते. नाक्यावरची हंडी आयोजकाची असते. आयोजक हा शब्दच त्यापूर्वी या सणात नव्हता. वर्गणी काढणारे होते, मंडळाचे कार्यकर्ते होते. दिघे २००१ साली गेले. त्यानंतरच्या दहा वर्षांत जांभळीनाका, पाचपाखाडी, वर्तकनगर, नौपाडा अशा हंड्यांची रांग लागली. प्रत्येक हंडीमागे एक नेता, प्रत्येक नेत्यामागे पक्ष, प्रत्येक मंचावर सिनेमातले पाहुणे आणि समोर वाहिन्यांचे कॅमेरे. पथकं मुंबईहून ट्रक भरभरून ठाण्याकडे येऊ लागली.

या चढाओढीत हंडी बाजूला पडली आणि सलामी पुढे आली. पूर्वी मडकं फुटलं की खेळ संपायचा. पण एका चौकात दिवसभरात शंभर-दीडशे पथकं यायची म्हटल्यावर मडकं एकदाच फुटणार, मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी थर लावायचे, वरच्या पोराने हात उंचावून सलामी द्यायची आणि थरांच्या संख्येप्रमाणे बक्षीस घ्यायचं. पाच थरांना इतके, सहाला तितके, सातला त्याहून पुष्कळ, आठला डोळे विस्फारतील एवढे, नऊला लाखांत. निवेदक माइकवरून मोजतो, एक, दोन, तीन... आणि हात वर गेला की आकडा पक्का. मी जेवढ्या हंड्या पाहिल्या त्यांत हात वर गेल्यानंतर निवेदकाने काही मोजल्याचं मला आठवत नाही. तो पुढच्या पथकाचं नाव पुकारायला लागलेला असतो.

आणि नेमक्या त्याच वेळी खाली काय चालू असतं ते सांगतो.

थर म्हणजे माणसांवर माणसं एवढंच बाहेरच्याला दिसतं. जवळ गेलं की तीन वेगवेगळी कामं दिसतात. सगळ्यांत खाली पाया, म्हणजे मध्यभागी खांद्याला खांदा भिडवून, माना आत घालून उभा असलेला गोल, आणि त्याला बाहेरून रेटा देणारा दीडदोनशे जणांचा गराडा. मधले थर निमुळते होत जातात, प्रत्येक जण शेजाऱ्याचे दंड धरून. आणि वरचे 'एक्के', जिथे एका थरावर एकच माणूस असतो. तीन एक्के लावले म्हणजे वरचे तिन्ही थर एकेकट्याचे. दंड धरायला शेजारी कुणी नाही. पायातला माणूस वर बघू शकत नाही. बघायला मान उचलली तर मणक्यावरचा भार सरकतो. त्याला फक्त भार कळतो. वाढला की माणूस चढला, थरथरला की कुणाचा तरी पाय घामावर सटकला. बाकी सगळं शिट्टीवर. प्रशिक्षक गराड्याबाहेर उभा राहतो, शिट्टीच्या खुणेवर पुढचा थर उठतो, थांबतो किंवा परत बसतो. सराव होतो तो रात्री, शांत मैदानात. तिथे शिट्टी नीट ऐकू येते. चौकात स्पीकरच्या दणदणाटात ती किती जणांच्या कानापर्यंत पोहोचत असेल याचा विचार मंचावर कुणी केलेला दिसत नाही.

सलामी होते तेव्हा पायातले लोक आधीच कितीतरी वेळ ताणात उभे असतात. मांड्या लटपटायला लागलेल्या असतात. आता वरचा पोरगा खालच्याच्या कमरेला धरून घसरत उतरतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. भार कमी होत जातो आणि इथेच गोम आहे. भार कमी झाला की अंग आपोआप सैल सोडतं. भार असमान कमी झाला, म्हणजे डावीकडचे दोन भराभर उतरले आणि उजवीकडचा रेंगाळला, तर गोल एका अंगाला कलतो. त्यात जिंकल्याचा आनंद. मधल्या थरातला एखादा सलामी दिसताच शेजाऱ्याचा दंड सोडून हात हवेत उडवतो. वाड्यात आम्ही नेमकं हेच करत होतो, फक्त नऊ-दहा फुटांवरून.

आकडेमोड करायची तर शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. तेरा मीटरवरून सुटलेली वस्तू पावणेदोन सेकंदांच्या आत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास असतो. घोडबंदर रोडवर एवढा वेग मोटारीला मिळत नाही. वीस फुटांवरून पडलं तर तोच वेग ताशी ३९ च्या घरात. अर्थात गोविंदा थेट जमिनीवर क्वचितच येतो. तो येतो खालच्या माणसांवर. म्हणून सगळ्यांत वरचं पोर पुष्कळदा बचावतं आणि त्याला झेलणाऱ्याचं गळपट्टीचं हाड मोडतं, बरगडी जाते, मानेचा मणका सरकतो. मधल्या थरातल्या माणसाची गत त्याहून वाईट. वरून पडणारा त्याच्या अंगावर येतो आणि तो स्वतः कुणाच्या तरी अंगावर जातो.

१० ऑगस्ट २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात, प्रताप सरनाईकांच्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीत, नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट, म्हणजे १३.३४ मीटर. गिनीज बुकात नोंद झाली आणि १९८१ पासून स्पेनच्या नावावर असलेला विक्रम ठाण्याच्या नावावर आला. त्या दिवशी ठाणेकरांची छाती फुगली होती, माझीही. ते थर पाहताना श्वास रोखला जातो हे खोटं कशाला सांगू? त्या पथकांची शिस्त, आठवडेच्या आठवडे केलेला सराव, एक्क्यांचा तोल, याला खेळ म्हणून तोड नाही.

पण स्पेनचा उल्लेख आलाच आहे तर त्यांच्याकडे नीट बघू. कॅटलोनियात मनोरे रचायची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीची, तारागोनाजवळच्या वाल्स गावातली. २०१० साली युनेस्कोने ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथेही खाली माणसांचा प्रचंड गराडा असतो, त्याला 'पिन्या' म्हणतात. माणसं कमरेला लांबच लांब कापड घट्ट गुंडाळतात. त्याने पाठीला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला पाय रोवायला जागा. अगदी वरचं मूल माथ्यावर पोहोचलं की हात उंचावतं. हुबेहूब आपली सलामी. फरक त्यानंतरचा आहे. हात वर गेला की त्यांच्या हिशेबात मनोरा फक्त 'चढवला' असं धरतात. शेवटचा माणूस नीट खाली आला तर तो 'चढवून उतरवला'. दोन्हींचे गुण वेगळे, आणि दुसऱ्याचे जास्त. तारागोनाच्या बैलझुंजीच्या जुन्या आखाड्यात दर दोन वर्षांनी स्पर्धा होते, तिथे वर हात उंचावूनही खाली कोसळलेलं पथक तोच मनोरा शांतपणे उतरवलेल्या पथकाच्या मागे पडतं. २००६ साली कॅटलोनियात एका लहान मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पण उतरण्याचे गुण त्याच्याही कितीतरी आधीपासूनचे. पथकाचा सगळा सरावच त्यामुळे दुसऱ्या टोकाने होतो: उतरवता येईल एवढंच चढवायचं.

आपण विक्रम मोडला तो त्यांच्या उंचीचा. त्यांची गुणपत्रिका मात्र आपण घेतली नाही.

हेल्मेटवरून अमेरिकेतलं फुटबॉल आठवतं. आपल्याकडे पायाने खेळतात ते नव्हे, तर लांबट चेंडू काखेत मारून एकमेकांवर धडकायचं ते. तिथे १८९२ साली हार्वर्डच्या संघाने येलविरुद्ध एक व्यूह काढला. सगळे खेळाडू पाचरीच्या आकारात एकमेकांना चिकटून धावत सुटायचे आणि ती पाचर समोरच्या एकाच माणसावर आदळवायची. एवढी माणसं मोडली की दोन वर्षांत त्यावर बंदी आली. तरी घोळक्याने रेटण्याचा खेळ चालूच राहिला. १९०५ च्या हंगामात डझनावर मुलं मेली, वर्तमानपत्रांनी मृतांच्या याद्या छापल्या. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याच हंगामात, ऑक्टोबरात, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली, घोळका मैदानभर पांगला. दुखापतीचं कारण खेळाच्या रचनेत होतं आणि हात त्या रचनेलाच घातला गेला.

त्यानंतरची गोष्ट उलटी आहे. डोक्यावरची कातडी टोपी जाऊन १९३९ च्या सुमारास प्लास्टिकचं हेल्मेट आलं, पुढे त्याला जाळी लागली. कवटी फुटणं कमी झालं. पण डोकं सुरक्षित आहे असं वाटल्यावर खेळाडू डोकंच पुढे करून धडकू लागले. आतला मेंदू त्या टोपीत गदगदा हलतच होता. २००२ साली वारलेल्या माइक वेब्स्टर नावाच्या नामांकित खेळाडूचा मेंदू बेनेट ओमालू या डॉक्टरने तपासला, २००५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध झाला, आणि वर्षानुवर्षांच्या धडकांनी मेंदू कसा झिजतो ते जगापुढे आलं. तोवर व्यावसायिक लीगचा पसारा अवाढव्य झाला होता. २०२१ पासून तर त्यांनी हंगामातले सामने सोळावरून सतरा केले.

आमच्या हंडीत त्या हेल्मेटचा भाऊ म्हणजे क्रेनचा दोर. हल्ली मोठ्या हंड्यांत वरच्या एक्क्याच्या कमरेला पट्टा बांधतात आणि तो दोर क्रेनवरून खाली धरलेला असतो. थर कोसळले तरी पोरगा हवेत लोंबकळत राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आयोजक सुटकेचा श्वास टाकतो. दोर हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो एकालाच आहे. त्याच्या खालच्या आठ थरांना काही नाही, आणि वरचं पोर सुरक्षित झाल्यावर आणखी एक थर वाढवायला कुणाचं मन कचरत नाही.

न्यायालयात गेली ती उंची आणि वय. ११ ऑगस्ट २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने हंडी वीस फुटांपेक्षा उंच नको आणि अठराखालचे गोविंदा नकोत असा आदेश दिला. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १७ ऑगस्ट २०१६ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बंधनं कायम केली. त्या वर्षी मुंबईत कुणी शिडी लावून हंडी फोडली आणि ठाण्यात नौपाड्याला, भगवती मैदानात, मनसेच्या हंडीत बंधन झुगारून नऊ थर लागले. गुन्हे दाखल झाले. ७ ऑगस्ट २०१७ ला उच्च न्यायालयाने उंचीचं बंधन काढलं. चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही, एवढी हमी सरकारने दिली होती.

चौदाची अट योग्यच. सहा-सात वर्षांचं झोपाळलेलं लेकरू चाळीस फुटांवर चढवणं हा कुठला धर्म? पण तिचा एक परिणाम पथकातल्या माणसांखेरीज कुणी बोलत नाही. ते लेकरू वीस किलोचं होतं, चौदा वर्षांचा पोरगा कितीही किडकिडीत असला तरी पस्तीस-चाळीसचा. सगळ्यांत वर दुप्पट वजन आलं. त्याला पेलायला खालचा एक्का जाडा हवा, त्याच्या खालचा आणखी जाडा. वजन असं पायरीपायरीने पायापर्यंत उतरलं. थर मात्र तेवढेच राहिले. कायद्याने वर एक चांगली गोष्ट केली आणि तिची किंमत खालच्या खांद्यांनी भरली.

मग सरकारने खेळाचा दर्जा दिला. २०१५ मध्ये साहसी खेळ म्हणून घोषणा झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, गोकुळाष्टमीच्या तोंडावर, तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या, ठाण्याच्याच एकनाथ शिंद्यांनी विधिमंडळात ती पुन्हा केली. सोबत दरपत्रक आलं. थरांवरून पडून मृत्यू झाला तर दहा लाख. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर साडेसात लाख. एक गेला तर पाच. पुढच्या वर्षी प्रो गोविंदा नावाची स्पर्धा वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये सुरू झाली, आणि विमाही सरकारी खर्चाने निघाला. २०२३ मध्ये पन्नास हजार गोविंदांचा, माणशी ७५ रुपये हप्त्याने. २०२४ मध्ये पंचाहत्तर हजारांचा, २०२५ मध्ये दीड लाखाचा. चाळीच्या गल्लीत प्लास्टरवर सह्या मिळायच्या. आता अर्ज भरावा लागतो, हे चांगलंच झालं. फक्त त्या दरपत्रकाशेजारी चौकातलं दुसरं दरपत्रक ठेवून वाचावं. एकात थर वाढले की रक्कम वाढते, दुसऱ्यात हाडं.

दिवसाचं वेळापत्रक हेही एक कारण, आणि माझ्या मते फार दुर्लक्षित. नावाजलेलं पथक सकाळी आपल्या गल्लीतली मानाची हंडी फोडून निघतं. दादर, घाटकोपर, मुलुंड करत ट्रक ठाण्यात येतो. पूर्व द्रुतगती मार्गावर पोरं टपावर, दुचाकीवर तिघं-चौघं, भिजलेल्या कपड्यांत, वडापाववर. मोठी बक्षिसं ठाण्यात, म्हणजे सगळ्यांत जास्त थर दिवसभर खांदे रगडून झाल्यावर लावायचे. शिवाय चौकात पाण्याचा टँकर सतत फवारा मारत असतो, कॅमेऱ्यात ते छान दिसतं. ओला खांदा, ओला पंजा, आणि खाली डांबर किंवा पेव्हर ब्लॉक. आमच्या वाड्यात निदान चिखल होता.

१६ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात, त्याच संस्कृती प्रतिष्ठानच्या हंडीत, कोकणनगर पथकाने दहा थर लावले. तेही जोगेश्वरीचंच. चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपासून निघालेली रेघ इथवर आली. अकराचं स्वप्न कुणीतरी बघत असेलच.

त्या पावसाळ्यात मी ठाण्यात एका पथकाचा सराव बघायला गेलो होतो. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून हा सराव सुरू होतो. महापालिकेच्या शाळेचं मैदान, रात्रीचे साडेदहा, दोन हॅलोजन दिवे आणि पावसाची भुरभुर. नोकरीवरून परस्पर आलेली पोरं बॅगा भिंतीशी लावून शर्ट काढत होती. प्रशिक्षक पन्नाशीचे, रेल्वेतून लवकर निवृत्त झालेले. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांचा स्वतःचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. त्यांनी सहा थर लावायला सांगितले. शिट्टी, थर, शिट्टी, थर. वरच्या पोराने हात वर केला तेव्हा मी टाळी वाजवायला गेलो, तर शेजारच्याने माझा हात धरला. मैदानात कुणीच वाजवत नव्हतं. दादांनी शिट्टी तोंडातून काढून खिशातलं घड्याळ बाहेर काढलं आणि बटण दाबलं ते तेव्हा.

"सावकाश. डावीकडचा आधी नको. तू थांब रे. हां, आता तू."

एकेक जण खाली आला. चौथा थर सुटला, तिसरा सुटला. कुणी उडी मारली नाही. सर्वांत शेवटी गराडा उकलला आणि पायातले सात-आठ जण माना चोळत, डोळे मिचकावत सरळ झाले. एवढा वेळ त्यांनी जमिनीखेरीज काही पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एकाने, खांद्यावर लाल वळ उमटले होते त्याच्या, आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग दादांना विचारलं,

"पोरगा उतरला ना?"